शेवट सांगणाऱ्याची जलेबी

पुस्तकं विकत आणावी लागतात, कपाटात लावावी लागतात, वाळवी लागू नये म्हणून त्यांच्यात कडुनिंबाचा पाला ठेवावा लागतो. किश्शांचं तसं काही नाही. ते फुकटात येतात, कुठेही मावतात आणि एक काढायला जावं तर मागून दहा बाहेर पडतात! आमच्या रविवारच्या बैठकीचे तर इतके साचलेत की आता कोणी पाहुणा आला की मी आधी विचारते, "वेळ आहे ना? नाही तर नुसता चहा घ्या."

आमचे आजोबा सांगायचे, राज्यांची वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आपण जबलपूरवाले इकडे हिंदी मुलखात राहिलो. "आपण राहिलो ते राहिलो, पण पुस्तकंही तिकडेच राहिली गं!" हे त्यांचं खरं दुःख होतं. तेव्हापासून नागपूरला जाणाऱ्या प्रत्येक माणसावर इथल्या मराठी घरांचा डोळा असतो. लग्नाला जा, बारशाला जा, तेराव्याला जा, येताना संत्र्यांच्या टोपलीसोबत पुस्तकांचं पुडकं आणायचंच.

तर अशी आलेली पुस्तकं घेऊन आम्ही दर रविवारी सकाळी गढा भागात सरवटे मॅडमच्या घरी जमतो. नियम दोनच. पहिला, शिफारस सगळ्यांना मिळून करायची नाही. एक माणूस निवडायचा, त्याच्याकडे बघून बोलायचं आणि पुस्तक त्याच्या हातात द्यायचं. दुसरा, शेवट सांगायचा नाही. जो सांगेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जलेबी आणायची.

हा दुसरा नियम का करावा लागला, तिथूनच सुरुवात करते.

*

सरवटे मॅडमनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. रिटायर झाल्या आणि खून, दरोडे, विषप्रयोग यांच्या मागे लागल्या! रहस्यकथा सोडून दुसरं काही त्या क्वचितच वाचतात. शिफारसही जीव ओतून करतात, आणि तिथेच घोळ होतो. गणिताच्या बाईंना उत्तर पोटात ठेवता येत नाही.

एकदा त्या मला म्हणाल्या, "वंदना, हे घेच तू. काय लिहिलंय! खून कोणी केला ते शेवटपर्यंत कळत नाही. मला तर त्या माळ्याचा संशयसुद्धा आला नव्हता!"

मी हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. त्याचं एक पानही उघडलं नव्हतं आणि ते वाचून संपलं होतं!

त्या दिवशी जलेबीचा नियम झाला. पुढच्या वेळी मॅडम फार सांभाळून बोलल्या. "मी काही म्हणजे काही सांगणार नाही. फक्त डॉक्टरवर लक्ष ठेव."

जलेबी!

तो दंड भरून झाल्यावरच्या एका रविवारी आम्ही पोचलो तर टेबलावर जलेबीचा डबा आधीच उघडा. मी म्हटलं, "मॅडम, मागच्या वेळी तर तुम्ही काही सांगितलं नव्हतं!"

"आज सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "आधी खाऊन घ्या."

*

सुभाषभैयाचं बड्या फुहाऱ्याला साड्यांचं दुकान आहे. जन्म गादीवर गेला, त्यामुळे पुस्तकाची शिफारसही तो साडी दाखवावी तशी करतो. सतरंजीवर सगळी पुस्तकं पसरतो, एक उचलतो, मधूनच फर्रकन उघडून दाखवतो.

"मॅडम, हा पीस बघा. ऐतिहासिक आहे. वजन बघा हातात घेऊन! तुमच्या नातसुनेला पण चालेल. और ये देखिए, प्रवासवर्णन, एकदम हलकं, उन्हाळ्यात बरं वाटतं. वंदनादीदी, तुमच्यासाठी भुतांचं काढलंय. डार्क आहे, पण तुम्हाला सूट होईल."

"मला भूत सूट होईल?"

"रेंज दाखवून राहिलो, दीदी. पसंत तुमची."

सरवटे मॅडम त्या ऐतिहासिक ग्रंथाचं वजन सावरत म्हणाल्या, "आणि नाही आवडलं तर?"

"एक्सचेंज होईल, मॅडम. रिटर्न नाही."

*

या सुभाषभैयाला मी एकदा कवितासंग्रह दिला. मला वाटलं, दिवसभर हिशेब आणि कटकट, बिचाऱ्याला दोन घटका गारवा मिळेल. त्याने पानं उलटली. डावीकडे चार ओळी, उजवीकडे सहा ओळी, बाकी सगळं कोरं.

"दीदी, यात तर किनारच जास्त दिसून राहिली. कपडा कुठे आहे?"

"वाच तर आधी!"

महिन्याने मी दुकानात गेले तर संग्रह गल्ल्याशेजारी ठेवलेला. कोपरे दुमडलेले, कव्हरवर चहाचा गोल. मला इतका आनंद झाला की विचारू नका! मी म्हटलं, "वाचलास?"

"दोनदा झाला, दीदी. गिऱ्हाईक काही न घेता उठून गेलं की एक कविता वाचतो."

"अरे वा! म्हणजे आवडल्या?"

"नाही, दीदी," तो म्हणाला. "मंदी आहे."

पण पुस्तक त्याने आजपर्यंत परत केलेलं नाही, हेही सांगून ठेवते.

*

आता गजभिये काका. रिछाईच्या एका कारखान्यात मशीनचे पार्ट तपासण्यात त्यांची सारी नोकरी सरली. केसाएवढा फरक असला तरी पार्ट बाजूला! तीच नजर घेऊन ते पुस्तकं वाचतात. मधमाश्या, आकाशगंगा, विहिरी कशा खणतात, राज्यघटना, मोठ्या माणसांची चरित्रं, काय वाटेल ते वाचतील. फक्त कथा-कादंबरीला हात लावणार नाहीत.

"जे झालंच नाही ते काहून वाचायचं? खोटं ते खोटं."

गंमत अशी की त्यांच्या बायकोचा, म्हणजे शांताकाकूंचा, जीव कादंबऱ्यांवर. भाजी शिजेपर्यंत दोन पानं, कुकरची शिट्टी होईपर्यंत अर्धं. आधीच्या पिढीत काकूंच्या घरात पुस्तक यायचं तेच मोठ्या मुश्किलीने, म्हणून त्या कुठल्याही पुस्तकाला आधी कपाळाशी लावतात. अशा दोन माणसांचा संसार एका घरात, दोन कपाटांवर चालला आहे. एकावर काकांचं खरं, दुसऱ्यावर काकूंचं खोटं!

एकदा काकूंनी हट्टच धरला. भर बैठकीत एक कादंबरी काकांच्या हातात दिली. सगळ्यांसमोर बायकोने दिलेलं, नाही कसं म्हणणार? पुढच्या रविवारी काका आले ते काखेत कादंबरी आणि रेल्वेचं जुनं टाइमटेबल घेऊन.

"पहिल्याच प्रकरणात लिहिलंय, ती पोरगी सकाळच्या गाडीनं इटारसीला उतरली. मी सगळं पाहून राहिलो. त्या बाजूनं सकाळी येणारी अशी गाडीच नाही!"

काकू म्हणाल्या, "अहो, पोरगी माहेर तोडून आली आहे. प्लॅटफॉर्मवर एकटी उभी राहून रडून राहिली. ते नाही दिसलं तुम्हाला?"

"गाडीच नाही, शांता!" काका कळवळून म्हणाले. "गाडीच नाही, तर ती पोरगी उतरली कुठून?"

*

काकांना कथेकडे ओढायचा विडा मग नेहाने उचलला. नेहा सुभाषभैयाची मुलगी, इंजिनिअरिंगला आहे. मराठी सगळं कळतं, वाचते अडखळत, बोलायला लागली की तिसऱ्या शब्दाला हिंदीत शिरते. तिने काकांसमोर एक विज्ञानकथांचं पुस्तक धरलं. मंगळावर वस्ती, रोबोटचं लग्न, असलं काहीतरी.

"नेहा, खोटं आहे हे," काका म्हणाले.

"काकाजी, झूठ नहीं है," नेहा म्हणाली. "बस, अभी हुआ नहीं है."

मी तर टाळीच वाजवली. असा मुद्दा काकांपुढे कोणी ठेवला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुस्तकाची मागची बाजू वाचली, पुढची बाजू वाचली. आम्हाला वाटलं, जिंकलो!

काकांनी पुस्तक अदबीने तिच्या हातात परत ठेवलं.

"झालं की सांग मला, बेटा. मग वाचतो."

*

आणि अशा हसण्या-खिदळण्यात शांताकाकूंना दम लागायला लागला.

आधी आम्ही मॅडमच्या घरच्या जिन्याला दोष दिला, मग जबलपूरच्या उन्हाळ्याला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल, नागपूरला न्या. काकू घाबरल्या होत्या. तसं बोलल्या नाहीत, पण त्या रविवारी त्यांनी पहिल्यांदाच जलेबी तशीच ठेवली.

त्याआधी सरवटे मॅडमनी त्यांना एक जाडजूड कादंबरी दिली होती. मॅडमना रहस्याबाहेरचं आवडलेलं बहुधा ते एकच पुस्तक. नदीकाठच्या गावातली एक आई, तिची मुलगी भांडून घर सोडून गेलेली. त्या गावाला दिवसातून एकच नाव लागते, संध्याकाळची. आई रोज संध्याकाळी घाटावर जाऊन उभी राहते. बस, एवढीच गोष्ट आणि ही एवढी पानं! काकूंचं पाऊण पुस्तक झालं होतं आणि आता त्यांना बसून वाचवत नव्हतं.

"मॅडम," काकूंनी विचारलं, "येते का हो ती पोरगी? तेवढं सांगून द्या. जलेबी मी आणीन तुमच्या वाट्याची."

आम्ही सगळे मॅडमकडे बघायला लागलो. या बाईंनी आजवर माळी सांगितला होता, डॉक्टर सांगितला होता, एकदा तर दोन भागांच्या कादंबरीचा दुसरा भाग सांगितला होता. आता तर शेवट कोणी स्वतःहून विचारत होतं!

मॅडमनी पदराला हात पुसले. "नाही सांगत, शांता. बरी होऊन ये आणि स्वतः वाच."

घरी जाताना सुभाषभैया म्हणाला, "दीदी, मॅडमची तब्येत तर ठीक आहे ना?"

*

माझी बहीण नागपूरला असते, म्हणून मी रजा काढून काका-काकूंसोबत गेले. म्हणजे पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

काकूंनी पिशवीत कपड्यांच्या आधी ती कादंबरी टाकली होती. पण पडल्या पडल्या एवढं वजन हातात धरवेना. त्यांनी काकांकडे नुसतं बघितलं. काका म्हणाले, "मी कादंबरी वाचत नाही, तुला माहीत आहे." काकू म्हणाल्या, "तुम्ही नका वाचू. मला वाचून दाखवा."

आणि गजभिये काका वाचायला लागले, तेही पहिल्या पानापासून, कारण मधूनच तपासणी सुरू करायची त्यांची रीत नव्हे! आधी अगदी पुटपुटत, चोरी करत असल्यासारखे. मग शेजारच्या खाटेवरच्या आजी ओरडल्या, "जोरात वाचा ना हो, इकडे ऐकू नाही येत!" मग काकांनी आवाज मोठा केला. दुपारपर्यंत अर्धा वॉर्ड कान देऊन बसला होता. इंजेक्शन घेऊन आलेली नर्ससुद्धा ओळ संपेपर्यंत थांबायची.

काकांची तपासणी अर्थातच चालू होती. "येवढ्या पावसात वात पेटणार नाही," असं ते मध्येच थांबून जाहीर करायचे. पण एका बाबतीत त्या लेखकाने त्यांना जिंकून घेतलं.

"वंदना, एक गोष्ट मानावी लागेल," त्यांनी मला सांगितलं. "ही नाव पाहा. पहिल्या पानापासून एकच नाव, संध्याकाळची. कुठे चुकून सकाळची झाली नाही की दुपारची झाली नाही. माणूस पक्का आहे!" मग तेच त्यांनी शेजारच्या आजींना सांगितलं, नर्सला सांगितलं आणि झाडूवाल्या दीदीलाही सांगितलं.

ऑपरेशनच्या सकाळी थोडीच पानं राहिली होती. काकांचा अंदाज होता, नंबर दुपारी लागेल, तोवर पुस्तक होईल. पण पहिल्या पेशंटला ताप आला म्हणून काकूंचा नंबर आधी आला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभे.

काकूंना स्ट्रेचरवर घेतलं. चेहरा पांढराफटक. त्यांनी काकांची बाही धरली. मला वाटलं, आता मुलांबद्दल काही सांगतील, घराच्या किल्ल्यांबद्दल सांगतील.

"अहो, येते का ती? तेवढं पाहून सांगा ना."

काकांनी एकदम शेवटचं पान उघडलं. ओठ हलवत वाचलं. परत वाचलं. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण काकूंकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"येते," काका म्हणाले.

"खरंच? कधी?"

"सकाळी. सकाळच्या नावेनं येते. पूर्ण भिजलेली. आणि उतरल्या उतरल्या म्हणते, आई, भूक लागली."

काकूंनी काकांकडे बघितलं. मग बाही सोडली. "अच्छा," त्या म्हणाल्या. "चलो मग."

आणि स्ट्रेचर निघालं. दरवाजा बंद झाल्यावर काका बाकावर बसले ते पुस्तक पोटाशी धरून. दिवसभर त्यांनी ते खाली ठेवलं नाही आणि उघडलंही नाही.

*

ऑपरेशन नीट झालं. देवाला, डॉक्टरांना, सगळ्यांना हात जोडून झाले. पथ्यपाणी आटोपून शांताकाकू पहिल्यांदा बैठकीला आल्या त्या रविवारी सरवटे मॅडमनी दारात रांगोळी काढली होती. काकू बारीक झाल्या होत्या, पण जिना एका दमात चढल्या. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही!

मागून काका आले. त्यांच्या हातात जलेबीचा डबा.

"दंड," त्यांनी डबा मधोमध ठेवला. "मी शेवट सांगितला."

एकच गोंधळ उडाला. नेहा ओरडली, "काकाजी ने पूरी नॉवेल पढ़ ली!" सुभाषभैया म्हणाला, "वरून शेवट पण फोडला! आता तुम्ही आमच्यातले झाले, काकाजी!" काका अवघडून हसत होते. सगळ्यांनी जलेबी उचलली. काकूंनीही अर्धी घेतली.

सरवटे मॅडमनी हळूच विचारलं, "काय सांगितलात तुम्ही शेवट?"

काका पंख्याकडे बघायला लागले. मीच उत्साहाने सांगून टाकलं. सकाळची नाव, भिजलेली मुलगी, आई भूक लागली, सगळं.

मॅडमचा जलेबीचा हात मध्येच थांबला. "पण ती तर..." असं म्हणाल्या आणि घाईघाईने अख्खी जलेबी तोंडात कोंबली.

"बोला ना, मॅडम," काकू शांतपणे म्हणाल्या. "ती येत नाही. घरी आल्यावर मी शेवटचं पान वाचलं. आई घाटावरून परत जाते, तिथं पुस्तक संपतं."

शेवटी सुभाषभैयाच्या डोक्यात प्रकाश पडला. "मतलब, काकाजींनी शेवट सांगितलाच नाही! दंड कॅन्सल! जलेबी वापस!"

"चष्मा," काका पुटपुटले. "चष्म्याचा नंबर बदलला आहे. बारीक अक्षर होतं. घाईत..."

"चष्मा?" काकू त्यांच्याकडे वळल्या. "अहो, त्या गावाला सकाळची नाव आहे कुठे? एकच नाव, संध्याकाळची. साऱ्या वॉर्डाला तुम्हीच तर सांगून राहिले होते!"

काकांचं तोंड उघडंच राहिलं. एवढा केसाचा फरक पकडणारा माणूस!

"म्हणजे तुला तिथंच कळलं?"

"स्ट्रेचरवरच."

"मग बोलली काहून नाही?"

काकूंनी उरलेली जलेबी काकांच्या हातावर ठेवली.

"पोरगी भिजून, उपाशी येऊन राहिली होती," त्या म्हणाल्या. "नाव नाही म्हणून परत पाठवू काय तिला?"